साताऱ्याच्या घाटरस्त्यांसाठी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक: निवड, जोडणी आणि देखभाल

एमटीबीला (डोंगरवाटांच्या सायकलीला) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक लावायचे ठरले की बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी ऑनलाइन सवलत दिसते, मग संच घरी येतो आणि पाना हातात घेतल्यावर कळतं की गिअर बदलायचा शिफ्टर जुन्या ब्रेक लिव्हरलाच जोडलेला आहे. मागच्या ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळी, आखूड पडतो. किंवा फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला) तो रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बसतच नाही. सगळं बसलं तरी ऐन पावसाळ्यात रोटरला चिमटणारे पॅड झिजून संपतात, आणि त्या आकाराचे पॅड पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत विचारत फिरावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सायकल तपासा, मग तेल ठरवा, मग पॅड, मग रोटर आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. कमी देखभालीचा ब्रेक म्हणजे जाहिरातीत तसं लिहिलेला ब्रेक नव्हे. ज्याचे पॅड आणि तेल जुलै महिन्यात आपल्या हाताशी असतं आणि जो साध्या अवजारांनी घरी दुरुस्त होतो, तोच कमी देखभालीचा.

## १. पैसे खर्च करण्याआधी सायकल तपासा

वही घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण परत पाठवापाठवीचा सगळा ताप इथेच वाचतो.

हब. चाकाच्या मध्यावर रोटर बसवायची सोय आहे का? सहा बोल्टचा हब असतो किंवा सेंटरलॉक (रोटर खाचांवर बसवून एकाच रिंगने आवळायचा) असतो. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टचा रोटर बसतो, पण सहा बोल्टच्या हबवर सेंटरलॉक रोटर बसत नाही. व्ही-ब्रेकच्या (रिमला चिमटणाऱ्या ब्रेकच्या) साध्या हबवर तर यातलं काहीच बसणार नाही. तिथे निदान चाकं बदलावी लागतील, आणि फ्रेमवर डिस्कची जागाच नसेल तर हा बेत सोडून द्या.

फ्रेम आणि फोर्क. कॅलिपर (पॅड धरून रोटरवर दाबणारा भाग) बसवायचे दोन प्रकार एमटीबीवर नेहमी दिसतात. पोस्ट माउंटमध्ये दोन्ही बोल्ट सायकलच्या लांबीच्या दिशेने सरळ आत जातात. आयएस माउंटमध्ये भोकं आडवी, म्हणजे चाकाच्या आसाच्या दिशेने असतात. आजचे बहुतेक कॅलिपर पोस्ट माउंटचे आहेत, त्यामुळे आयएस फ्रेमला अडॅप्टर लागतो. फोर्कला जास्तीत जास्त किती मिमीचा रोटर चालतो हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तो आकडा वहीत हवाच.

शिफ्टर. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. सुरुवातीच्या किमतीच्या कित्येक सायकलींवर गिअर शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात येतात. हायड्रॉलिक लिव्हर लावायचा तर तो अख्खा तुकडा निघतो आणि स्वतंत्र शिफ्टर वेगळे विकत घ्यावे लागतात. मागे सातचे गिअर आहेत की आठचे की नऊचे, ते मोजून तेवढ्याचाच शिफ्टर घ्या. हा खर्च धरल्यावर कधीकधी ब्रेक लावण्यापेक्षा थोडे पैसे घालून मुळात हायड्रॉलिक ब्रेक असलेली सायकल घेणं शहाणपणाचं ठरतं. हिशोब मांडूनच ठरवा.

उजवा-डावा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. परदेशी बाजारासाठी बांधलेल्या तयार संचात तो डाव्या हाताला धरलेला असतो, म्हणजे लांब होज उजव्या लिव्हरला जोडून येतो. मागवताना "उजवा लिव्हर, पुढचा ब्रेक" हे स्पष्ट विचारा.

होजची लांबी आणि वाट. सुतळी घ्या. मागच्या ब्रेकच्या लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत होज ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने ती फिरवा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा आणि मग मोजा. होज फ्रेमच्या आतून जाणार असेल तर तो लिव्हरपासून सोडवावा लागतो. म्हणजे तेल भरून बंद केलेला तयार संच असला तरी ब्लीडिंग (तेलात शिरलेली हवा काढणं) करावं लागणार, हे आधीच धरून चाला.

> तपासणी: हबचा प्रकार, पुढचा-मागचा माउंट, फोर्कची रोटर-मर्यादा, शिफ्टर वेगळा की जोडलेला, गिअरची संख्या, होजची लांबी. यातली एक जरी जागा वहीत रिकामी असली तरी खरेदी थांबवा.

## २. तेल ठरवा

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन प्रकारचं तेल असतं: मिनरल ऑइल किंवा डॉट ब्रेक फ्लुइड. शिमानो, टेक्ट्रो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात. श्रॅमचे बहुतेक जुने ब्रेक डॉटवर चालतात, पण डीबी ८ आणि मेव्हन ही त्यांची मॉडेलं मिनरल ऑइलची आहेत. त्यामुळे नुसत्या ब्रँडवरून अंदाज बांधू नका. लिव्हरवर किंवा त्याच्याच तेलाच्या टाकीच्या झाकणावर काय छापलंय ते वाचा.

डॉट तेल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या डॉट ४ साठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. महाबळेश्वर-कासच्या पट्ट्यात चार महिने हवाच पाण्याने भरलेली असते, म्हणून डॉटचे ब्रेक वर्षाला एकदा तरी नव्या तेलाने भरावेत. शिवाय ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, आणि हाताच्या कातडीलाही चांगलं नाही.

मिनरल ऑइल पाणी शोषत नाही. मात्र सीलमधून पाणी आत शिरलंच तर ते तेलात न मिसळता सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे कॅलिपरमध्ये, जाऊन बसतं. गरम होणारी जागाही तीच. त्यामुळे मिनरल ऑइल कधीच बदलायचं नाही असं नाही, पण त्याला सवड जास्त मिळते.

डॉटचा एक खरा फायदा इथे सांगितलाच पाहिजे. डॉट ४ कुठल्याही मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, अगदी मेढ्यातसुद्धा. सायकलचं मिनरल ऑइल तसं मिळत नाही, ते पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. तरीही माझा कौल मिनरल ऑइललाच आहे. एक छोटी बाटली घरात बरीच वर्षं पुरते, आणि ज्याला दरवर्षी ब्लीडिंग करायची सवय नाही त्याच्या हातात डॉटचा ब्रेक हळूहळू कमजोर होत जातो. शिस्तीने दरवर्षी तेल बदलणाऱ्याने मात्र डॉट खुशाल घ्यावा.

> सावधान: मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल कधीही घालू नका. सील फुगतात, पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकतो आणि बहुतेक वेळा अख्खा ब्रेक टाकून द्यावा लागतो. गॅरेजमधला माणूस भल्या हेतूने "ब्रेक ऑइल टॉप-अप करून देतो" म्हणाला तरी नम्रपणे नाही म्हणा. बेबी ऑइल, शॉकअपचं तेल, शिलाई मशीनचं तेल यातलंही काही नको. दोन कंपन्यांची मिनरल ऑइलंही एकमेकांत मिसळू नका.

## ३. पॅडचा आकार आणि प्रकार

ब्रेकचं मॉडेल बाजारातून गेलं तरी चालतं. त्याच्या पॅडचा आकार गेला की ब्रेक संपला. म्हणून आवडलेल्या मॉडेलच्या नावाने शोधण्याआधी त्याच्या पॅडच्या नावाने शोधा. निदान दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्या तो आकार बनवतात का? शिमानोच्या एमटी २०० सारख्या साध्या ब्रेकला लागणारा बी०१एस आणि त्याच आकाराचे पुढचे बी०३एस, बी०५एस हे या कसोटीला उत्तम उतरतात. अनेक कंपन्या हा आकार काढतात. उलट, नाव न ऐकलेल्या स्वस्त संचाचे पॅड आज त्या विक्रेत्याकडे आहेत, पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

आता प्रकार. रेझिन पॅड शांत असतात, थंड असतानाही लगेच पकड घेतात, पण ओल्या लाल मातीत भराभर झिजतात. जांभ्याची बारीक कच पॅड आणि रोटरच्या मध्ये अडकली की ती पॅड घासूनच काढते. मेटल पॅड चिखलात जास्त टिकतात, लांब उतारावर तापूनही पकड सोडत नाहीत. मात्र ते ओले झाले की आवाज करतात, आणि उष्णता कॅलिपरकडे जास्त पोचवतात.

माझा सल्ला: उन्हाळ्या-हिवाळ्यात रेझिन, आणि पावसाळ्यात नियमित ठोसेघर-चाळकेवाडी किंवा कच्च्या वाटा करत असाल तर मेटल. पण त्याआधी रोटरवरची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असं इंग्रजीत कोरलेलं असतं. त्यांचं पोलाद मऊ असतं, मेटल पॅड ते खाऊन टाकतात.

> तपासणी: ब्रेकसोबतच पॅडचा एक जास्तीचा जोड मागवा. तो ऑर्डर करताना मिळाला नाही तर तो ब्रेकही घेऊ नका.

## ४. रोटरचा आकार

रोटर मोठा असला की तेवढ्याच बोटाच्या जोराने जास्त ब्रेक लागतो आणि उष्णता पसरायला जागाही जास्त मिळते. १६०, १८० आणि २०३ मिमी हे नेहमीचे आकार. पंचाहत्तर-ऐंशी किलोपर्यंतच्या माणसाला घाटासाठी पुढे १८० आणि मागे १६० पुरतात. वजन त्याहून जास्त असेल, किंवा पाठीवर सामान घेऊन लांब उतार करायचे असतील, तर पुढे २०३ आणि मागे १८० ठेवा, पण फोर्क आणि फ्रेमने परवानगी दिली असेल तरच. मर्यादेपेक्षा मोठा रोटर लावला तर फोर्कच्या पायावर नको तितका ताण येतो. ही तडजोड करण्यासारखी गोष्ट नाही.

रोटर बदलला की अडॅप्टरही बदलतो. अडॅप्टर पुढचा की मागचा, मूळ माउंट किती मिमीचा, आणि त्यावर किती वाढवायचे आहेत, या तिन्ही गोष्टी दुकानदाराला सांगा.

## ५. आता मॉडेल

इथपर्यंत आलात तर यादी आपोआप लहान झालेली असेल. दोन पिस्टनचा की चार पिस्टनचा, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. तो खरं तर इथे यायला हवा. चार पिस्टनचा ब्रेक ताकदवान असतो, पण हलणारे भाग दुप्पट. चिखलात एक पिस्टन आळसावला की पॅड तिरके झिजतात. डोंगरउताराची शर्यत करणाऱ्यासाठी किंवा जड स्वारासाठी चार पिस्टन योग्य आहेत. रोज यवतेश्वर चढून उतरणाऱ्याला दोन पिस्टन आणि मोठा रोटर ही जोडी जास्त निभावते.

शिमानोचा एमटी २०० साधा, स्वस्त आणि टिकाऊ आहे. लिव्हर लांब आहे, देखणा नाही, पण काम चोख. बजेट थोडं जास्त असेल तर डिओर मालिकेतला दोन पिस्टनचा एम ६१०० घ्या. त्याचा लिव्हर आखूड आहे, एका बोटाने ब्रेक लागतो आणि लिव्हर हँडलपासून किती लांब राहावा हे सहज जुळवता येतं. टेक्ट्रोचे सुरुवातीचे हायड्रॉलिक ब्रेकही भरवशाचे आहेत. केबलने ओढला जाणारा आणि कॅलिपरमध्येच तेल असलेला मिश्र प्रकारही बाजारात मिळतो. शिफ्टर जोडलेला असेल तर तो मोहात पाडतो, कारण जुना लिव्हर तसाच राहतो. पण त्यात केबल गंजण्याचा त्रासही राहतो आणि तेलाचाही, म्हणून कमी देखभालीच्या हिशोबात तो बसत नाही.

> सावधान: जुने, वापरलेले ब्रेक घेताना लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवा. तो हळूहळू हँडलकडे सरकत गेला तर आत कुठेतरी गळती आहे. कॅलिपरभोवती तेलकट ओल दिसली तरी तोच अर्थ. असे ब्रेक फुकट मिळाले तरी नकोत.

## ६. जोडणी: क्रम मोडू नका

१. हात साबणाने धुवा. चेनला हात लावलेल्या बोटांनी रोटर किंवा पॅड धरायचा नाही. या कामात सगळ्यात जास्त ब्रेक तेलकट बोटांनीच बिघडतात.

२. रोटर हबवर ठेवा. त्यावरचा बाण चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. सहा बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आवळण्याच्या जोराचे शिमानोचे आकडे सहा बोल्टसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर आणि सेंटरलॉकसाठी ४० न्यूटन-मीटर आहेत. दुसऱ्या कंपनीचा रोटर असेल तर त्यांचा आकडा बघा.

३. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ सुती कापडाने पुसा.

४. लिव्हर हँडलला लावा, होज त्याच्या वाटेने न्या. कुठे घासतोय, कुठे चिमटतोय का ते हँडल वळवून बघा. होज कापावा लागला तर टोकाची पितळी कडी आणि आतली नळी नवीनच वापरा, जुनी पुन्हा चालत नाही.

५. कॅलिपर अडॅप्टरवर ठेवा, दोन्ही बोल्ट सैल. आता पॅडमधला पिवळा किंवा लाल प्लास्टिकचा तुकडा काढा आणि चाक बसवा.

६. चाक फिरवा, लिव्हर दाबून धरा आणि तसाच धरून दोन्ही बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळा. शिमानोसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर.

७. लिव्हर सोडा, चाक फिरवा. रोटरच्या दोन्ही बाजूंना, पॅडच्या आधी, उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरला की फट स्पष्ट दिसते. एका बाजूला घासत असेल तर बोल्ट सैल करून डोळ्याने जुळवा.

> सावधान: चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही. पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. तसं झालंच तर टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने पॅड हळू मागे ढकला. स्क्रू-ड्रायव्हर नको. सायकल गाडीत टाकून नेताना तो प्लास्टिकचा तुकडा पुन्हा पॅडमध्ये अडकवा. म्हणूनच तो फेकून देऊ नका.

## ७. नवे पॅड मुरवा

नव्या पॅडची पकड पहिल्या दिवशी निम्मीच लागते. लोक घाबरतात, ब्रेक खराब निघाला असं समजतात. पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा बसल्याशिवाय पूर्ण पकड येतच नाही.

सकाळी वर्दळ नसलेला सपाट रस्ता निवडा. ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेग घ्या, पुढचा ब्रेक सारख्या जोराने दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण चाक लॉक करू नका आणि पूर्ण थांबूही नका. असं साधारण वीस वेळा. मग मागच्या ब्रेकचं तेच. शेवटी थोड्या जास्त वेगाने आणखी दहाएक वेळा. हे झाल्याशिवाय यवतेश्वरचा घाट उतरायचा नाही. पॅड बदलताना प्रत्येक वेळी हीच कृती.

## ८. घाट उतरताना

कासहून परत येताना रस्ता बराच वेळ डोंगराच्या माथ्यावरून येतो आणि खरा तीव्र उतार, वळणांसकट, यवतेश्वर सोडल्यावर शेवटी लागतो. थकलेला हात तिथे ब्रेक सतत हलका दाबून ठेवतो. चूक नेमकी हीच. सतत घासणाऱ्या पॅडला थंड व्हायला वेळच मिळत नाही, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. वळणाआधी ठामपणे दाबा, वेग कमी करा, मग सोडा. दोन्ही ब्रेक वापरा. मुख्य काम पुढच्याचं आहे.

लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जायला लागला किंवा जळका वास आला तर कडेला सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या रोटरवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तो वाकतो. बोटही लावू नका.

## ९. देखभालीचं वेळापत्रक

प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर साध्या पाण्याने, मंद धारेने कॅलिपर धुवा. गाड्या धुवायच्या सेंटरवरचा जोराचा फवारा सीलवर मारू नका. चेनला स्प्रेचं वंगण मारताना रोटर कापडाने झाका. त्याचा एक शिंतोडाही पॅडला पुरे होतो. टायर आणि फ्रेम चमकवणारी पॉलिशही तशीच घातक.

दर महिन्याला, पावसाळ्यात दर आठवड्याला, पॅडची जाडी बघा. शिमानोच्या हिशोबाने धातूच्या पत्र्यावरचा थर ०.५ मिमी उरला की पॅड बदलायचा. मी पावसाळ्यात १ मिमीलाच बदलतो, कारण तेवढा थर चिखलात एका लांब फेरीत जाऊ शकतो. रोटरची जाडीही मोजा: शिमानोचा रोटर १.५ मिमीवर आला की तो संपला.

पॅड बदलताना पिस्टन जसेच्या तसे मागे ढकलू नका. आधी बाहेर आलेल्या कडेवरची माती पुसा, कापसाच्या काडीने त्याच ब्रेकचं तेल थोडं लावा, मग ढकला. जास्तीचं तेल पूर्ण टिपल्याशिवाय नवे पॅड आत घालू नका. मातीसकट पिस्टन ढकलला तर सील चरे पडून गळायला लागतं. पॅडवर तेल पडलंच असेल तर ते भाजून, घासून वाचवायच्या नादी लागू नका. नवा जोड घाला आणि रोटर अल्कोहोलने पुसा.

दसऱ्याला, म्हणजे पाऊस ओसरल्यावर, पूर्ण तपासणी करा: बोल्ट, होज, पॅड, रोटर, लिव्हरचा दाब. डॉटचे ब्रेक असतील तर तेल याच वेळी बदला. आणि पूजा करताना हळदकुंकू हँडलला वाहा, रोटरपासून दूर ठेवा.

## १०. ब्लीडिंग कधी करायचं

लिव्हर स्पंजसारखा लागतो, हँडलपर्यंत जातो, किंवा दोन-तीनदा पंप केल्यावरच कडक होतो, ही आत हवा शिरल्याची खूण. पण लगेच सिरिंज काढू नका. पंक्चर काढायला सायकल उलटी ठेवली होती का, किंवा भिंतीला उभी टांगली होती का? टाकीतली हवा होजमध्ये सरकली असेल. सायकल सरळ उभी करा, लिव्हर हळूहळू वीस-तीस वेळा दाबा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. बरेचदा एवढ्याने भागतं. पॅड फार झिजले असतील तरी लिव्हर आत जातो, म्हणून तेही आधी बघा.

तरीही स्पंजसारखाच राहिला तर ब्लीडिंग. त्या ब्रेकचाच किट वापरा, पॅड आणि चाक काढून बाजूला ठेवा, कॅलिपरमध्ये पिस्टन जागेवर धरणारा ब्लीडिंगचा ठोकळा अडकवा आणि मगच झाकण उघडा. काम झाल्यावर सगळं तेल पुसा, अल्कोहोल फिरवा, पॅड आणि चाक बसवा, आणि लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरा. जागचा हलला नाही आणि कुठल्याच जोडावर ओल दिसली नाही, तर आधी गल्लीत चार-सहा वेळा थांबून बघा. घाट त्यानंतर.